मागच्या पडवीचा कूड

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर दोनदा सांगायला घेतलं, पण आईनं "जेवलीस का गं?" विचारलं की पुढचे शब्दच फुटत नाहीत. म्हणून लिहिते. इथलं काम मी आणखी दोन वर्षांसाठी घेतलंय. परवा सहीही केली. गणपतीला येणं जमणार नाही, शिमग्याला नक्की येते. आई, डोळे पुसत बसू नकोस, पुढचं वाच.

पगारासाठी राहिले नाही. जुनी लाकडी घरं न पाडता कशी उभी ठेवायची, ते इथे हातानं करून शिकायला मिळतंय. गेल्या रविवारी इथल्या, म्हणजे इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या ससेक्समधल्या आल्फ्रिस्टन गावी गेले होते. तिथे चर्चला लागून पाद्र्यांचं जुनं घर आहे, क्लर्जी हाउस, चौदाव्या शतकातलं. ओकच्या लाकडाचा सांगाडा, मधे कामट्यांचा कूड आणि त्यावर माती, वर गवताचं जाड छप्पर. दोन्ही टोकांना माड्या, आणि मधलं दालन थेट आढ्यापर्यंत मोकळं. अशा घरांत चूल त्या दालनाच्या मधोमध असायची. धुराडं नव्हतंच, धूर छपरातून वाट काढायचा. आजीच्या चुलीवरचे काळे वासे आठवले.

आणि जमीन! खडूचा मऊ दगड कुटून केलेली, वर आंबट दूध मुरवून घट्ट केलेली. मी वाकून हात फिरवला. थंड, किंचित उंचसखल. बाबा, तुम्ही चोपण्यानं खळं चोपायचात आणि मागून आई शेणानं सारवत यायची. ओल्या सारवणात पाऊल टाकलं म्हणून मी एकदा मार खाल्ला होता. तो वासच आला मला तिथे.

हे घरही पाडायचीच वेळ आली होती. तिथल्या पाद्र्यांनी धडपड केली, आणि 1896 मध्ये नॅशनल ट्रस्टनं, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या इथल्या संस्थेनं, ते 10 पौंडांना घेतलं. त्यांनी विकत घेतलेली ही पहिली इमारत. काकांच्या वाटणीच्या वेळी आपण गप्प बसलो, ते माझ्या मनातून जात नाही. बाबा, तुमचा दोष म्हणून नाही लिहीत. तेव्हा तुमच्या हातात काही नव्हतं, हे कळतं मला.

माझी काळजी नको. खोली उबदार आहे, मेतकूट अजून अर्धी बरणी आहे, मऊ भात रोज होतो.

आता ऐका. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, विसरून दुपारी नाही. शाकारणीला बाबांनी शिडीवर पाऊल ठेवायचं नाही, गडी सांगा, पैसे मी पाठवते. माडीच्या जिन्याला कठडा याच महिन्यात. आई, गुडघ्याला शेक घेत जा, "बरं आहे" म्हणून टाळू नकोस.

आणि मागच्या पडवीचा कूड पाडून चिरे लावायचं घाटतंय असं ताई म्हणाली. शिमग्यापर्यंत थांबा. पाऊस लागू नये म्हणून बाहेरून झापं बांधून घ्या. खालचं लाकूड कुजलंय तेवढंच कापून नवं कसं जोडायचं, ते मला आता येतं.

तुमची,
छकुली