पोर्टल खुले करण्याआधी त्याच्यावर गर्दी सोडून पाहा: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
गोवा राज्य.

सा. न. वि. वि.

कोणतेही सरकारी पोर्टल लोकांसाठी खुले करण्याआधी त्याची लोड चाचणी (कृत्रिम गर्दी सोडून ते किती भार पेलते हे पाहणे) व्हावी, ती पोर्टल बांधणाऱ्या कंत्राटदाराने नव्हे तर दुसऱ्या कोणीतरी करावी, आणि तिचा कच्चा निकाल सरकारच्या ताब्यात राहावा, ही मागणी घेऊन मी आपल्याला लिहीत आहे. मी फोंडा महालात राहतो आणि सॉफ्टवेअरवर कृत्रिम गर्दी सोडून ते कुठे मोडते हे शोधणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

पोर्टल बसले की त्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. घरी फायबर असलेला माणूस रात्री अकराला पुन्हा प्रयत्न करतो. सुर्ल्याहून वाळपईला येऊन कॅफेत अर्ज भरणाऱ्या बाईला तसे करता येत नाही. ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ हे ऐकून ती परतीची बस धरते, तेव्हा तिची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. अर्जाची ती शेवटची तारीख असेल, तर मग पुढे काही उरतच नाही.

ही गर्दी अनपेक्षित नसते. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी ४ वाजता अठरा वर्षांवरील सर्वांसाठी कोविन या कोविड लसीकरणाच्या पोर्टलवर नोंदणी सुरू झाली आणि पहिल्या काही मिनिटांतच पोर्टल अडखळले. दिवस आणि वेळ सरकारनेच आधी जाहीर केली होती. आपल्याकडे दहावीचा निकाल, नोकरभरतीचा शेवटचा दिवस, योजनेच्या अर्जांची मुदत हे सारे असेच आधी ठरलेले असते. म्हणजे गर्दी किती येईल याचा हिशेब कागदावर मांडता येतो.

दहावीचेच उदाहरण घ्या. गोव्यात दहावीला सुमारे १९ हजार मुले बसतात. त्यांतली निम्मी पहिल्या पाच मिनिटांत निकाल पाहायला आली, असे धरू. साडेनऊ हजारांना तीनशे सेकंदांनी भागले की सेकंदाला साधारण ३२ जण होतात. हा आकडा छोटा आहे. निकालाचे पान अर्ध्या सेकंदात आले, तर सर्व्हरच्या आत एका वेळी फक्त १६ विनंत्या असतात. पण डेटाबेसमधल्या एखाद्या स्तंभावर इंडेक्स (नोंद चटकन शोधून देणारी सूची) नसल्यामुळे त्याच पानाला दहा सेकंद लागले, तर आत ३२० विनंत्या साचतात. टॉमकॅट या प्रचलित सर्व्हरची मूळ मर्यादा २०० धाग्यांची, म्हणजे एका वेळी २०० विनंत्या हाताळण्याची आहे; ती कोणी बदललेली नसेल तर उरलेले रांगेत उभे राहतात. मग लोक रिफ्रेश दाबतात आणि ३२ चे ६० होतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका वेळी किती माणसे दिसतील हे जसे किती येतात आणि प्रत्येक जण किती वेळ थांबतो या दोन्हींवर अवलंबून असते, तसेच हे आहे.

म्हणूनच निविदेतले ‘दहा हजार समवर्ती (एकाच वेळी जोडलेले) वापरकर्ते पेलण्याची क्षमता’ हे वाक्य मला निरुपयोगी वाटते. दहा हजार जण लॉगिन करून नुसते बसले तरी ती अट पुरी होते. त्याऐवजी सेकंदाला किती विनंत्या, शंभरांतल्या पंचाण्णव विनंत्यांना किती सेकंदांच्या आत उत्तर, आणि किती टक्के चुका चालतील, हे तीन आकडे लिहावेत. सरासरी वेळ मागू नये. नव्वद जणांना एका सेकंदात आणि दहा जणांना तीस सेकंदांनी उत्तर मिळाले तरी सरासरी चार सेकंदांच्या आतच दिसते, आणि ते दहा जण कुणाच्याच नजरेस पडत नाहीत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. चाचणीचे साधन चुकीचे लावले, तर न केलेल्या चाचणीपेक्षा ते अधिक घातक ठरते, कारण हातात ‘उत्तीर्ण’ असा अहवाल येतो. या कामाला बरेच जण जेमीटर हे साधन वापरतात. ते अपाचे फाउंडेशनचे आहे, मोफत आहे आणि जावा असलेल्या कोणत्याही संगणकावर चालते. त्याची खिडकी (बटणे आणि तक्ते दाखवणारा पडदा) फक्त स्क्रिप्ट, म्हणजे आभासी वापरकर्त्याने काय काय करायचे याची यादी, बनवण्यासाठी आणि तपासण्यासाठी असते. खरी चाचणी खिडकी न उघडता, कमांड लाइनवरून (नुसती आज्ञा टाइप करून) चालवायची असते. जेमीटर सुरू होताना स्वतःच ही सूचना देते. तरीही खिडकीत प्रत्येक उत्तर दाखवणारी रिझल्ट ट्री उघडी ठेवून शेकडो वापरकर्ते सोडले जातात. जेमीटरला मुळात १ जीबी हीप, म्हणजे कामापुरती मेमरी, मिळते. ती भरली की ‘आउट ऑफ मेमरी’ येते, किंवा त्याआधीच जेमीटर संथ होते आणि दोष मात्र पोर्टलच्या माथी जातो.

विंडोजवरून चाचणी करणाऱ्यांना आणखी एक चूक हमखास भेटते: ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’. बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी विंडोजकडे मुळात १६,३८४ पोर्ट, म्हणजे जोडणीसाठीचे क्रमांक, असतात. प्रत्येक विनंतीला नवी जोडणी उघडली, तर बंद केलेले पोर्ट काही काळ अडकून राहतात आणि नवे मिळत नाहीत. लिनक्सवर याच्या जागी ‘टू मेनी ओपन फाइल्स’ दिसते, कारण एका प्रक्रियेला उघड्या फाइलींची मर्यादा सहसा १,०२४ असते. या दोन्ही चुका सर्व्हरच्या नाहीत, गर्दी सोडणाऱ्या यंत्राच्या आहेत. त्यामुळे निकाल वाईट आला की आधी त्या यंत्राचा सीपीयू, मेमरी आणि नेटवर्क पाहावे, मगच पोर्टलकडे बोट दाखवावे. एक यंत्र पुरत नसेल तर तीन-चार जोडता येतात. मात्र सगळ्यांवर जावा आणि जेमीटर यांची आवृत्ती एकच हवी, नमुना डेटाची फाइल प्रत्येकावर स्वतंत्र ठेवायला हवी, आणि आवृत्ती ४ पासून यंत्रांमधल्या संवादाला कीस्टोअर (सुरक्षित संवादाच्या किल्ल्यांची फाइल) लागतो हे विसरू नये. अनेकांचा पहिला दिवस याच कीस्टोअरपायी वाया जातो.

मला सर्वांत जास्त काळजी मात्र खोट्या यशाची वाटते. बरीच पोर्टले सत्र (लॉगिनची मुदत) संपले तरी ‘पुन्हा लॉगिन करा’ हे पान २०० या यशाच्या कोडसह पाठवतात. जेमीटर कोड पाहते आणि हिरवी खूण करते. लॉगिनच्या वेळी मिळालेले टोकन (ओळखीची खूण) पुढच्या विनंतीत नेले नाही, कुकी मॅनेजर (लॉगिनची ओळख जपणारा जेमीटरचा भाग) लावला नाही, तर अख्खी चाचणी फक्त लॉगिनच्या पानावर फिरते. ते पान हलके असल्याने वेळाही सुंदर येतात, आणि अहवालात शून्य टक्के चुका दिसतात. यावर उपाय सोपा आहे: अर्ज क्रमांक किंवा विद्यार्थ्याचे नाव उत्तरात आले आहे का, हे तपासणारे असर्शन प्रत्येक महत्त्वाच्या पानावर हवे. अहवाल स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याने हा एकच प्रश्न विचारला, तरी पुष्कळ काही उघडे पडेल.

तसेच सगळ्या आभासी वापरकर्त्यांना एकच आसन क्रमांक दिला, तर डेटाबेस दुसऱ्यांदा कॅशमधून (तात्पुरत्या साठ्यातून) उत्तर देतो. शंभर ओळींच्या टेबलावर जे धावते ते काही लाख ओळींच्या टेबलावर धावेलच असे नाही. सगळी गर्दी एकाच आयपी पत्त्यावरून आली तर फायरवॉल ती हल्ला समजून तोडते, म्हणून त्या पत्त्याला आधी परवानगी लागते. आणि चाचणीत लोकांची खरी माहिती कदापि वापरू नये, खऱ्या नंबरांवर ओटीपी पाठवू नयेत. पण एसएमएस सेवा सेकंदाला किती ओटीपी पोचवते हे तिच्या पुरवठादाराकडून लेखी घ्यावेच. पोर्टल टिकले आणि ओटीपीच मुदतीनंतर आला, तर कॅफेत बसलेल्या माणसाला दोन्ही सारखेच.

सरकारी संकेतस्थळांना सुरक्षेची तपासणी बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावी लागते. ती शिस्त चांगली आहे. तीच लोड चाचणीला लावा. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता तिच्यावर ठेवा. पीडीएफमधल्या रंगीत आलेखांवर थांबू नका. स्क्रिप्ट आणि प्रत्येक विनंतीची नोंद असलेली फाइल मागून घ्या, म्हणजे पोर्टलमध्ये पुढे बदल झाला की तीच चाचणी पुन्हा चालवता येईल. निकालाचा गोषवारा लोकांसमोर ठेवायलाही हरकत नसावी.

यासाठी बाहेरून कोणाला बोलावण्याची गरज नाही. फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात १९६७ पासून अभियंते घडत आहेत. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प म्हणून एकेका सरकारी पोर्टलची चाचणी, अर्थात चालू पोर्टलवर नव्हे तर त्याच्या वेगळ्या प्रतीवर, करायला द्यावी. नोकरीसाठी बंगळूर-पुण्याला जाणाऱ्या या मुलांना आपल्याच राज्याच्या कामातून हे कसब शिकता येईल.

पुढच्या दहावीच्या निकालाआधी निदान एका पोर्टलवर हे करून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्यासाठी स्क्रिप्ट लिहायला आणि फर्मागुडीला येऊन मुलांना शिकवायला मी कोणत्याही मोबदल्याशिवाय तयार आहे.

कळावे,
आपला नम्र,
फोंड्यातील एक परफॉर्मन्स टेस्टर