ढवळेचे पेढे

चिंचवड,
रविवार, १३ ऑगस्ट २०२३

प्रिय शैले,

दीड वर्षात पत्र नाही, फोन नाही, नुसते दिवाळीला पणत्यांचे फोटो. आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तब्येत बरी आहे. शुगर काठावर, गुडघा वाजतो. झालं.

आमचा करार झाला. सोमवारी कामगार उपायुक्तांच्या ऑफिसात सह्या झाल्या, बारा-तीनचा, म्हणजे सरकारी मध्यस्थीतला. साडेतीन वर्षं, पगारात साडेसात हजारांची वाढ, त्यातले निम्मे पहिल्याच वर्षी. गेटवर ताशा, गुलाल, फटाके. कमिटीच्या अध्यक्षांनी मला हार घातला. हो, मला! पंचवीस वर्षं मॅनेजमेंटच्या खुर्चीत बसून युनियनच्या हातून हार घालून घेतला. तू असतीस तर तिथल्या तिथे म्हणाली असतीस, "मंदे, हार घालतायत म्हणजे तू काहीतरी लपवलंयस."

लपवलंय.

संध्याकाळी प्रेसशॉपचा ढवळे पेढ्यांचा बॉक्स घेऊन केबिनमध्ये आला. डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच आहेत त्याची, माझ्याआधीच्या काळातली. बॉक्स टेबलावर ठेवला, गुलाल सांडू नये म्हणून टोपी काढून हातात धरली आणि म्हणाला, "मॅडम, एकच विचारायचं होतं. आईचं ईएसआयचं कार्ड चालू राहील ना?" त्याच्या आईचं आठवड्याला तीनदा डायलिसिस असतं, सरकारी कामगार विम्यावर, मोहननगरच्या ईएसआय हॉस्पिटलातून रेफर होऊन.

मी म्हटलं, "राहील की."

नरो वा कुंजरो वा. खोटं नाही बोलले. जूनअखेरपर्यंत राहीलच.

तुला हिशोब सांगायला नको, पण मला एकदा कुणाला तरी सांगू दे. ईएसआयची २१ हजार पगाराची मर्यादा २०१७ पासून हललेली नाही, त्यावर गेला तो बाहेर. आमची १४० माणसं १८,४०० वर होती, आता २२,१५० वर गेली. सप्टेंबरअखेर वर्गणी कापायची, १ ऑक्टोबरपासून सगळी बाहेर. या सहामाहीच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जून उपचार मिळतील, मग कार्ड म्हणजे प्लास्टिकचा तुकडा. बदल्यात दोन लाखांचा मेडिक्लेम: नवरा, बायको, दोन मुलं. आईवडील नाहीत. आईवडिलांची ओळ पहिल्या शीटमध्ये होती, शैले. विमा ब्रोकरचा आकडा आला आणि तिसऱ्या बैठकीच्या आदल्या रात्री ती ओळ मी डिलीट केली. कुणी सांगितलं नव्हतं. वरून विचारणा होणार हे ओळखून आधीच केली. या धंद्यात माणूस पुढे जातो तो याच गुणावर.

आणि पुढे गेलेही. माझ्या स्लाइडवर एक ओळ होती, 'ईएसआयमधील बचत'. कंपनीची वर्गणी सव्वातीन टक्के, म्हणजे माणशी ५९८ रुपये महिना, १४० जणांचे वर्षाला दहा लाख. त्या ओळीवर डायरेक्टर मान हलवून हसले. शुक्रवारी पत्र मिळालं, जनरल मॅनेजर. पेढे मी वाटायला हवे होते खरं तर.

कमिटीला कळत नव्हतं असंही नाही गं. त्यांनाच ईएसआय नको होतं. रांगा, रेफरचे कागद, औषध बाहेरून आणा, मग बिल लावा. पोरांना एसी हॉस्पिटल आणि कॅशलेस कार्ड पाहिजे. पगाराच्या स्लिपवर कापले जाणारे वर्गणीचे १३८ रुपये वाचले म्हणून दोघांनी मला थँक्यू म्हटलं. तरुणांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते दहाबारा घरांचं, जिथे कुणी म्हातारं मशीनला लावलेलं आहे. ईएसआयला खर्चाची वरची मर्यादा नाही हे मी बैठकीत बोलले नाही. तेही बोलले नाहीत. पण मला माहीत होतं, आणि तुला माहीत आहे मला ते कुठून माहीत आहे.

बाबांचं कार्ड. गिरणी संप लांबला तसा पगार नाही, पगार नाही म्हणून वर्गणी नाही, वर्गणी नाही म्हणून कार्ड बंद. आजीला दम्यासाठी परळच्या महात्मा गांधी हॉस्पिटलात न्यायचे, ते थांबलं. ती खिडकीत उशा रचून बसून झोपायची. मी आठ वर्षांची होते. श्रम विज्ञान संस्थेला इंटरव्ह्यूमध्ये हेच सांगून मी ॲडमिशन मिळवली, आणि तू मागून म्हणालीस, "आजी विकलीस." त्यावर आपण आठवडाभर बोललो नव्हतो. जानेवारी १९९७ मध्ये संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत गेले त्या दिवशी तूच येऊन शेजारी बसलीस, तेव्हा बोलणं सुरू झालं. तेव्हा ठरलं होतं, एक जण टेबलाच्या या बाजूला, मॅनेजमेंटकडे, एक त्या बाजूला, युनियनकडे, म्हणजे मधलं सगळं दिसेल. काय शहाण्या होतो! २००९ ला मी त्या फिटरची डोमेस्टिक इन्क्वायरी, कंपनीतली शिस्तीची चौकशी, चालवली तर तू दोन वर्षं फोन उचलला नाहीस. ती इन्क्वायरी बरोबर होती, हे मी आजही म्हणेन. भांडायचं असेल तर समोर ये.

माझ्या कार्डावर आधी वेल्फेअर ऑफिसर होतं, मग पर्सोनेल, मग एचआर, आता 'पीपल अँड कल्चर' म्हणतात. कँटीनची आमटी मात्र १९९८ चीच आहे. नवीन एमबीए पोरींना मी पहिले सहा महिने टाइम ऑफिसला बसवते. मस्टर, पीएफचे नॉमिनेशन, ग्रॅच्युइटीच्या हिशोबातले पंधरा भागिले सव्वीस. जूनमध्ये पीएफच्या हायर पेन्शनचे जॉइंट ऑप्शनचे अर्ज भरताना साइट हँग व्हायची, तेव्हा त्यातली एक रात्री अकरापर्यंत रिटायर होणाऱ्या तिघांचे जुने कागद जुळवत बसली होती. तिलाच मी परवा शिकवत होते, "कुठलाही बेनिफिट काढण्याआधी तो कोण वापरतंय ते बघ." बोलताना जीभ अडली.

आता अडचण ऐक. करारात कलम आहे: मुदतीत आर्थिक बोजा पडेल अशी कोणतीही मागणी युनियन करणार नाही. मसुदा माझाच, स्वल्पविरामासकट. म्हणजे साडेतीन वर्षं ते तोंड उघडू शकत नाहीत. उघडलं तर मीच उघडायचं, आणि तेही नव्या खुर्चीत बसल्या बसल्या, ज्या दहा लाखांवर खुर्ची मिळाली तेच परत मागत. आईवडिलांचा प्रीमियम निम्मा कंपनी, निम्मा कामगार, अशी नोट काढावी म्हणते. ज्याला हवं त्याने घ्यावं. पण ब्रोकर म्हणतो, फक्त आजारीच आले तर रेट दुप्पट होईल, सगळ्यांना सक्तीचं करा. सक्तीचं केलं तर ज्याचे आईवडील नाहीत तो विचारेल, माझे पैसे का? आहे का उत्तर? श्रम विज्ञानचे आपले सर असते तर म्हणाले असते, विम्याचा अर्थच तो. गेटवर उभं राहून हे सांगायला सर येणार नाहीत.

हे सगळं तुला लिहिणं म्हणजे अर्धी फितुरीच. आमच्या कमिटीतल्या कुणालाही यातलं कळू देऊ नकोस. किंवा कळू दे. नको, नको देऊस.

तुझ्या सासूबाई चालायला लागल्या का? चिनूची दहावी ना यंदा? की झाली? लाज वाटते विचारायला. तुझ्या नव्या घराचे फोटो पाहिले, ओटा मस्त आहे.

एक काम कर. नाशिकच्या अंबडमधल्या त्या कारखान्यात तू आईवडिलांच्या मेडिक्लेमचं कलम करारात घालून घेतलं होतंस, फोनवर तासभर फुशारकी मारली होतीस. ते शब्दशः पाठव. टाइप करत बसू नकोस, पानाचा फोटो चालेल. प्रीमियम कसा वाटला होता आणि सक्तीचं होतं का, तेवढं पेनाने बाजूला लिही. बुधवारपर्यंत मिळालं तर गुरुवारी नोट काढते.

पेढे अजून ड्रॉवरमध्येच आहेत, मुंग्या लागल्यात.

तुझी,
मंदा