गुरुद्वाऱ्याची पुनर्बांधणी संगतीला विचारूनच व्हावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गुरुद्वाऱ्याची जुनी वास्तू उतरवून तेथे संगमरवरी इमारत उभारायची ठरली, की निधी किती जमला आणि काम कधी पुरे होणार याचीच चर्चा होते. हे काम कोणी ठरवले आणि ते कोणाच्या हातून होत आहे, हा प्रश्न मागे पडतो. शीख समाजासाठी मात्र तोच पहिला आहे, हे अमृतसरच्या अकाल तख्तावरून, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठावरून, दिसते.

जून १९८४ च्या लष्करी कारवाईत अकाल तख्ताची मोठी पडझड झाली. केंद्र सरकारने निहंग या शीख योद्ध्यांच्या पंथातील बुड्ढा दलाचे प्रमुख बाबा संतासिंग यांना पुढे करून ते लगबगीने पुन्हा उभे केले. याच कामावरून संतासिंग यांना पंथातून बहिष्कृत करण्यात आले आणि २६ जानेवारी १९८६ रोजी भरलेल्या सरबत खालसाने, म्हणजे शिखांच्या सर्वसाधारण सभेने, ही वास्तू पाडून कारसेवेने, म्हणजे भाविकांच्या श्रमदानाने, नवी बांधण्याचे ठरवले. धडधाकट इमारत पाडणे बाहेरच्याला उधळपट्टी वाटेल. पण कारसेवेत शेतकरी, दुकानदार, वृद्ध स्त्रिया आणि शाळकरी मुले डोके झाकून, अनवाणी रांगेत उभी राहतात, मातीची घमेली हातोहात पुढे जातात आणि शेजारीच त्या सर्वांसाठी लंगर शिजत असतो. जेथे रोज एका पंगतीत जेवायचे, मुलांची लग्ने लावायची आणि अडल्यानडल्याला आसरा द्यायचा, ती जागा सरकारी कृपेने मिळालेली असावी हे संगतीला, म्हणजे तेथे जमणाऱ्या भाविकांना, कसे रुचेल?

अर्थात, कारसेवेचे नाव घेतले म्हणजे सारे रीतसर झाले असेही नाही. तरनतारन येथील शीख राजवटीच्या काळातील दर्शनी देवडीचा, म्हणजे गुरुद्वाऱ्याच्या प्रवेशद्वाराच्या वास्तूचा, वरचा भाग मार्च २०१९ मध्ये कारसेवेच्याच नावाखाली रात्रीच्या वेळी पाडण्यात आला आणि संगत खवळल्यावर काम थांबवावे लागले. उलट, २००१ च्या भूकंपात हानी झालेला कच्छमधील लखपतचा गुरुद्वारा जुने रूप राखून दुरुस्त करण्यात आला व २००४ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

आम्हा नांदेडकरांना हा विषय परका नाही. येथील सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंग यांच्या काळातील, १८३२ ते १८३७ दरम्यान बांधलेली आहे, आणि येथील लंगरात मराठी माणूसही संकोच न करता पंगतीला बसतो. गुरु ग्रंथ साहिबला गुरुपद मिळाल्याच्या, म्हणजे गुरु-ता-गद्दीच्या, २००८ मधील त्रिशताब्दीनिमित्त शहरात झालेली कामे गरजेची होती, याबद्दल वाद नाही. मात्र यापुढे परिसरातील कोणत्याही जुन्या बांधकामाला हात लावण्यापूर्वी त्याची मोजमापे व छायाचित्रे घ्यावीत, वारसा-वास्तूंच्या जाणकारांचा अभिप्राय घ्यावा आणि नियोजित आराखडा लंगरघराच्या दर्शनी भागात पंजाबी व मराठीत महिनाभर लावून ठेवावा, अशी गुरुद्वारा व्यवस्थापनाला आपल्या पत्रामार्फत विनंती आहे.

आपला,
एक वाचक, नांदेड