आई, फ्रीजरमधल्या त्या मांसाबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

मी मजेत आहे. ओमाहात थंडी सुरू झालीय पण जॅकेट आहे, आता परत स्वेटर पाठवू नकोस, मागचे दोन अजून कोरेच आहेत.

रविवारी तू विचारलंस आणि मी चिडून फोन ठेवला, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही म्हणून लिहितोय. नाही गं आई, मी बीफ खात नाही. फोटोत दिसला तो फ्रीजर मालकीणबाईंचा. माझी कढई, तवा, कुकर सगळं वेगळं आहे, त्यांनाही ते माहितीये.

पण तो प्रकार आहे तरी काय ते ऐक. इथे अमेरिकेत चार घरं मिळून शेतकऱ्याकडून एक अख्खं जनावर घेतात, पाव हिश्श्याला साधारण 45 किलो मांस येतं आणि ते गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये वर्षभर पुरवतात. आणि तेही ग्रास फेडच हवं, शेवटपर्यंत गवतावरच वाढवलेलं. म्हणजे आपल्याकडे गावरान कोंबडी आणि ब्रॉयलर, तसंच समज. लहानपणी गवत सगळीच जनावरं खातात, पण बाकीच्यांना शेवटचे चार-सहा महिने गोठ्यात मका चारून दीड वर्षात तयार करतात, गवतावरच्याला दोन वर्षं किंवा जास्तच लागतात, वर बर्फ पडला की साठवून ठेवलेलं वाळलं गवत घालायचं, आणि एवढं करून वजन कमीच भरतं. म्हणून इथल्या दुकानात साधा खिमा किलोला 13 डॉलर तर हा 22. त्यात चरबी कमी, ओमेगा थ्री जास्त असतं हे खरंय, पण आपल्या बांगड्यात त्याच्या कितीतरी पट असतं, हे मी बाईंना सांगितलं तर त्यांना पटेचना. नुसत्या लेबलवर त्यांचा विश्वास नाही, कारण सरकारी शेती खात्याने ग्रास फेडची स्वतःची व्याख्या 2016 मध्ये मागे घेतली, म्हणून त्या शेतावर जाऊन शेवटपर्यंत गवतच घातलं का ते विचारून येतात.

मी त्यातलं फक्त बटर घेतो, गवतावरच्या गाईंचं. परवा कढवलं तर तूप असं पिवळंधम्मक झालं, अगदी आजी गावाहून आणायची तसं. हिरव्या गवतातलं कॅरोटीन गाईच्या दुधात उतरतं, म्हशीच्या उतरत नाही, म्हणून आपलं घरचं तूप पांढरं. बेरी साखर घालून उभ्याउभ्याच कढईतून खाल्ली, दोन चमचे झाल्यावर घशाखाली उतरेना, कारण बेरीवर ताई आणि मी भांडायचो ना. हे बटर साध्याच्या जवळजवळ दुप्पट पडतं. महिन्याला एकच घेतो, उगाच उडवत नाहीये.

बाबा, 60 हजार टाकलेत, त्यातून ताईच्या लग्नाच्या हॉलचा ॲडव्हान्स 10 तारखेच्या आत भरा. साखरपुड्याला मला सुट्टी मिळत नाहीये, तिला मी अजून सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका, मीच फोन करतो. लग्नाला नक्की येणार, तिकीट बघतोय. आई, तू पाठवलेलं ते नाशिकचं स्थळ बघितलं, मुलगी चांगली वाटली पण आधी ताईचं होऊ दे ना.

आणि बाबा, ताई म्हणाली तुम्ही ठाणे स्टेशनवरून अजून नौपाड्यापर्यंत चालतच येता. गुडघे दुखतायत ना? शेअर रिक्षाने या प्लीज, पैसे मी पाठवतोय की.

तुमचा,
सोनू