मुलांना ख्रिस्ती पुस्तक देण्याआधी ते एकदा मोठ्याने वाचून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डिसेंबर आला की चर्चच्या आवारात पुस्तकांचे स्टॉल लागतात, संडे स्कूलची बक्षिसंपण त्याच सुमारास घेतली जातात, आणि मग कमिटीतलं कोणीतरी घाईघाईत एकाच पुस्तकाचा गठ्ठा उचलतं, कव्हर छान आहे, येशूचं चित्र आहे, किंमत परवडतेय, झालं काम. आत काय लिहिलंय ते बघायला कोणाला वेळ नसतो. मी बरीच वर्षं नगरमध्ये बालवर्गाला शिकवते, चार ते आठ वयाची मुलं असतात, आणि सगळ्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की पुस्तक घ्यायच्या आधी त्यातली एक गोष्ट तरी मोठ्याने वाचा.

मोठ्याने वाचलं की लगेच कळतं. आपल्याकडची बरीच पुस्तकं म्हणजे बाहेरची चित्रं तशीच ठेवून खाली मराठी मजकूर बसवलेला असतो, वाक्य जिभेवर येतच नाही, आणि पहिल्याच पानावर तारण, प्रायश्चित्त, नीतिमान असे शब्द. पाच वर्षांचं मूल तिथेच उठून जातं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून आयुष्याची शेवटची वर्षं बायबलच्या भाषांतराला दिली ती साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणूनच ना, ते बायबल 1924 मध्ये दौंडजवळच्या केडगावच्या त्यांच्याच मुक्ती मिशनमधून छापून आलं. मग शंभर वर्षांनी आपल्या लेकरांना कळेल असं मराठी का मिळू नये?

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. येशूने सांगितलेली उधळ्या मुलाची गोष्ट घ्या, बापाचा पैसा उडवून तो घरी परत येतो ती. बायबलमधल्या लूकच्या 15 व्या अध्यायात मुलगा अजून लांब असतानाच बाप त्याला बघतो, त्याला कळवळा येतो आणि तो धावत जाऊन मुलाच्या गळ्यात पडतो. म्हातारा बाप धावतोय! गोष्टीचा जीव तिथे आहे, मुलांना सांगितलं तर ती पुन्हा पुन्हा तेवढंच सांगा म्हणतात. आणि कितीतरी पुस्तकांत हे एका ओळीत उरकून खाली चौकटीत छापलेलं असतं "बोध: आईबाबांचं ऐकावं". हा बोध येशूने सांगितलेलाच नाहीये. दाविदाचंही तेच, धाडस केलं की जिंकता येतं असं लिहितात, पण दावीद स्वतः त्या धिप्पाड गल्याथाला सांगतो की ही लढाई परमेश्वराची आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे देव वरून बघतोय, खोटं बोललास तर शिक्षा करील, असल्या धाकाची पुस्तकं. लहान मुलाच्या मनात देवाची पहिली ओळख भीतीची व्हावी हे मला अजिबात पटत नाही. अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बलिदानासाठी घेऊन जातो ती गोष्ट चार वर्षांच्या मुलाला चित्रासकट दाखवायची गरज नाही, थोडं मोठं झाल्यावर शेजारी बसून सांगता येते.

लेखकाने बायबल उघडलं होतं का हे बघायचं असेल तर नाताळच्या गोष्टीवरून अंदाज येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी, तीन होते असं कुठेही नाही, आणि ते घरात येऊन बाळाला भेटतात, गोठ्यात नाही. योना संदेष्ट्याला गिळणारा मोठा मासा आहे, देवमासा म्हटलेलं नाही. या चुकांनी कोणाचं फार बिघडत नाही, पण निष्काळजीपणा दिसतो.

चित्रांबद्दल तर किती लिहू. निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा येशू आणि मागे लाल कौलांची उतरती छपरं. मार्कच्या 2 ऱ्या अध्यायात चार जण छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाला खाली येशूपुढे सोडतात, उतरत्या कौलांवर ते कसं जमलं असेल असं मुलं विचारणारच. पण सोलापूर, मराठवाड्याकडची माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची, घरं ज्यांनी बघितलीत त्यांना ते न सांगता समजतं. तसंच बायबलमधल्या रूथचं. ती बवाजाच्या शेतात सरवा वेचते, हे आपल्या खेड्यातल्या मुलाला सांगावं लागतच नाही. खळं, विहीर, मेंढरं, मेंढपाळ, सगळं इथलंच आहे हो, मग आपल्या चित्रकारांकडून का काढून घेत नाही?

आणि हे आपल्याकडे नवीन पण नाहीये. याच नगरमध्ये राहून फुलांमुलांचे कवी रेव्हरंड टिळक लिहीत होते, अमेरिकन मिशन मुलांसाठी बालबोधमेवा हे मासिक काढत होतं. वसईच्या संत गोन्सालो गार्सियांची, केडगावच्या रमाबाईंची गोष्ट मोठ्या मुलांसाठी नीट लिहिली तर किती चांगलं होईल. आपल्या चर्चच्या संस्थांनी लेखक आणि चित्रकार यांना रीतसर मानधन देऊन वर्षाला दोन-तीन पुस्तकं जरी काढली तरी मोठं काम होईल.

तोपर्यंत स्टॉल लावणाऱ्यांना एकच सांगणं आहे, प्रत्येक पुस्तकाची एक प्रत प्लॅस्टिकमधून काढून टेबलावर उघडी ठेवा आणि शेजारी एखादी खुर्ची ठेवा, म्हणजे आईबाप निदान दोन पानं मुलाला वाचून दाखवतील आणि मग ठरवतील.

आपली,
एक संडे स्कूल शिक्षिका, अहिल्यानगर