जमिनीखालची ड्युटी

ती. बाबांना सा. न.

परवा फोनवर साऊथ डकोटाचं सांगायला लागलो आणि मागे पोरांचा दंगा, त्यामुळे धड काही बोलताच आलं नाही, म्हणून सविस्तर लिहूनच पाठवतोय, आईलाही वाचून दाखवा. डोंगरात कोरलेले चार प्रेसिडेंट वगैरे बघून झाले, ते फोटो ग्रुपवर टाकलेतच, पण मला तुम्हाला सांगायचंय ते डेल्टा-01 नावाच्या एका जुन्या लष्करी ठिकाणाबद्दल, कारण तिथे उभा असताना सारखी तुमची पोफळीच्या जमिनीखालच्या वीजघरातली शिफ्ट डोक्यात येत होती.

हायवेच्या कडेला माळरान, गुरं चरतायत, आणि मधेच कुंपणातलं एक साधं बैठं घर. कोणालाही वाटावं एखाद्या शेतकऱ्याचं असेल. आत किचन, टीव्हीची खोली, गार्ड लोकांच्या खाटा. आणि लिफ्टने 31 फूट खाली गेलं की अणुबॉम्बवाल्या मिसाईलची कंट्रोल रूम! 1963 ते 1991 ही जागा चालू होती, आता म्युझियम केलंय. एका वेळेला फक्त सहा जणांना खाली नेतात, त्यामुळे तिकिटं आधीच काढावी लागतात.

खाली आठ टनांचा दरवाजा, फक्त आतूनच उघडणारा. त्यावर त्या ड्युटीवाल्या पोरांनीच डॉमिनोजच्या खोक्याचं चित्र काढलंय आणि वर लिहिलंय, जगात कुठेही 30 मिनिटांत डिलिव्हरी, नाहीतर पुढचं फुकट. मिसाईलला रशियात पोचायला साधारण तेवढीच मिनिटं लागायची म्हणून हा जोक. मला आधी हसू आलं मग कसंतरीच झालं, पण चोवीस चोवीस तास तिथे बसायचं म्हणजे माणूस दुसरं करणार तरी काय.

ड्युटीवर दोघंच ऑफिसर, बहुतेक पंचविशीच्या आतबाहेरचे. त्यांच्या ताब्यात दहा मिसाईल, ती मात्र तिथे नाहीत, मैलोन् मैल लांब शेतांमधून पुरलेली. पूर्ण खोलीच स्प्रिंगसारख्या चार मोठ्या शॉक ॲब्सॉर्बरवर टांगलेली, वर स्फोट झाला तरी खालची माणसं वाचावीत म्हणून. खुर्च्या रुळांवर सरकणाऱ्या आणि त्यांना चक्क सीटबेल्ट. एक लाल पेटी, तिला दोन कुलुपं, दोघांनी आपापल्या कुलपाचा नंबर एकमेकांना सांगायचा नाही. आत चाव्या. चाव्या फिरवायच्या जागा एकमेकींपासून बारा फुटांवर, म्हणजे एकट्याने दोन्ही फिरवीन म्हटलं तरी हात पुरणार नाहीत. शिवाय तशाच दुसऱ्या एका कंट्रोल रूममधल्या जोडीनेही चाव्या फिरवल्याशिवाय मिसाईल सुटायचं नाही. म्हणजे निदान चार माणसं लागणार. हे ऐकून जरा बरं वाटलं, आणि वरून ऑर्डर आली तर चौघंही फिरवणारच, हे लक्षात आल्यावर परत वाईट वाटलं.

बाकी वेळ काय, तर चेकलिस्ट, फोन, दिवे बघत बसायचं, एकाने झोपायचं आणि दुसऱ्याने जागायचं. बरेच जण तिथे बसून पुस्तकं वाचून मास्टर्स डिग्री करायचे, एअर फोर्सनेच तशी सोय केलेली. तुम्ही शिफ्ट संपवून यायचात तेव्हा निदान मशीन चालली, वीज तयार होऊन बाहेर गेली, लॉगबुकात आकडा पडला असं काहीतरी हातात असायचं, ह्यांच्या बाबतीत काहीच झालं नाही म्हणजेच ड्युटी चांगली झाली.

1991 मध्ये तेव्हाचे प्रेसिडेंट थोरल्या बुश साहेबांनी ही मिसाईल अलर्टवरून उतरवली आणि नंतर साऊथ डकोटातली दीडशेच्या दीडशे सायलोंमधून, म्हणजे जमिनीतल्या विहिरीसारख्या खड्ड्यांमधून, काढून टाकली. पण प्रकार संपलाय असं समजू नका, मोंटाना, नॉर्थ डकोटा, वायोमिंगकडे अजून 400 आहेत आणि तिथे आत्ता हे लिहितोय तेव्हाही दोघं दोघं खाली बसलेले असणार. वायोमिंगवाल्यांची काही तर आमच्या कोलोरॅडोच्या कोपऱ्यात येतात, डेन्व्हरहून गाडीने दोन-अडीच तासांवर! आणि गंमत म्हणजे 2019 पर्यंत त्यांच्या सिस्टिममध्ये आठ इंची फ्लॉपी वापरात होत्या, तुम्ही पोराला सव्वापाच इंचीवाली दाखवली होतीत ना, त्याहून मोठी.

एक विचारायचं राहिलं. तिथे नियम होता की त्या खोलीत कोणी एकटं म्हणून राहायचं नाही. पोफळीला जमिनीखाली नाईटला तुम्ही कधी एकटे असायचात का? आणि झोप आवरायला काय करायचात? पुढच्या फोनला सांगा.

गोळ्या वेळेवर घ्या, गुडघ्याचं डॉक्टरांना दाखवा. आईला नमस्कार.

तुमचा,
नितीन