बाबा, आंबा उतरेपर्यंत थांबू नका

आई, हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव, मोबाईलवर एवढं ते वाचणार नाहीत.

बाबा, काल आईच्या तोंडून निसटलं म्हणून कळलं की रक्त पातळ राहायची गोळी तुम्ही दहा दिवस घेतलीच नाही. शहाळं तासताना कोयती लागली, बोटाचं रक्त लवकर थांबेना, आईने बांधलेलं फडकं भिजलं आणि तुम्ही डबीच कपाटात टाकलीत. घाबरायला होतं, कबूल. पण एक फोन करायचा होतात. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट दाबले जात नाहीत, नुसते थरथरतात, मग तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की अर्धांग. एएफमध्ये, म्हणजे तुमच्या या थरथरीच्या आजारात, हा धोका साधारण पाचपट असतो. बोट बरं होतं हो, अर्धांगाचं तसं नाही.

मला ती आरतीची रात्र अजून आठवते. तुम्ही टाळ खाली ठेवून खांबाला टेकलात, मी मनगट धरलं तर दोन ठोके पाठोपाठ, मग काहीच नाही, मग तीन घाईघाईने. तुम्ही म्हणालात, "माका काय झाला नाय." दुसऱ्या दिवशी ज्यांना दाखवलं त्यांनी वयाचं कारण सांगून बीपीची गोळी लिहून दिली, ईसीजी काढला तो दिवाळीनंतर. मग आंबा, मग लावणी, मग परत गणपती. मुंबईतल्या डॉक्टरांची वेळ घ्यायला मीही चार महिने घालवले, ते मला आजही टोचतं. आता सोळा महिने झाले. एएफ सलग बारा महिन्यांच्या वर गेलं की डॉक्टर त्याला वेगळ्याच गटात धरतात, कारण मग ते हटायला जड जातं.

का जड जातं ते डॉक्टरांनी समजावलं. १९९५ साली नेदरलँड्समध्ये शेळ्यांवर प्रयोग झाला होता, मशीन लावून त्यांच्या हृदयात मुद्दाम ही थरथर सुरू करायचे. सुरुवातीला ती काही सेकंदांत आपोआप थांबायची, पण एक-दोन आठवडे सारखी चालू ठेवल्यावर दिवस उलटला तरी बहुतेक शेळ्यांची थांबेना. थरथरच थरथरीला घट्ट करते, कप्पा ताणतो, त्यात व्रण पडतात. तुमचा डावा कप्पा आत्ताच ४८ मिलिमीटर आहे, ४० पर्यंत ठीक समजतात. २०२० साली युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासातही, २७८९ पेशंट होते, निदान झाल्यापासून वर्षाच्या आत ज्यांचा ताल सुधारायला घेतला त्यांच्यात स्ट्रोक आणि हृदयाच्या तक्रारींनी होणारे मृत्यू कमी झाले. आपलं ते वर्ष गेलं, म्हणून डॉक्टर खोटी आशा देत नाहीत, अ‍ॅबलेशन, म्हणजे नळी घालून हृदयातली थरथर उठवणारी जागा निकामी करायची, ते एकदा करून भागेल की परत करावं लागेल ते आत्ता सांगता येत नाही म्हणाले. पण अजून करण्यासारखं आहे असंही म्हणाले, आणि मी त्यालाच धरून बसलेय. बागेची घाटी चढताना तुम्ही आता दोनदा बसता असं आई सांगते. पूर्वी डोक्यावर पेटी घेऊन चढायचात.

अ‍ॅबलेशनची तारीख १२ फेब्रुवारी मिळालीय. तुम्ही म्हणणार, हापूस तोंडावर आलाय, जूनमध्ये बघूया मगे. जूनमध्ये लावणी असते बाबा. फवारणी आणि तोडणीला मी माणूस बघितलाय, त्याचे पैसे मी देते, हिशोब तुम्ही फोनवरून घ्या.

मात्र अ‍ॅबलेशनच्या आधी निदान तीन आठवडे गोळी एकही न चुकवता झालेली हवी, नाहीतर गुठळीच्या भीतीने ते तारीखच पुढे ढकलतील. आज १८ जानेवारी, म्हणजे हातात चार दिवस पण जास्तीचे नाहीत. आज सकाळीच डॉक्टरांना फोन करून विचारलं, आजपासून सुरू करा म्हणाले, सकाळी एक, रात्री एक. नंतरही काही महिने चालूच राहणार, ते आधीच सांगून ठेवते.

तुतारी एक्स्प्रेसची दोन तिकिटं काढलीयत, ९ तारखेची, कुडाळहून, दोन्ही खालचे बर्थ. आई, डबी कपाटातून काढून देवाजवळच्या फळीवर ठेव, आणि आज रात्री जेवण झाल्यावर बाबांनी गोळी घेतली की मला मिस्ड कॉल दे.

तुमची,
बाय